लाल खुंटी आणि ट्रॉलीची ओटी

ट्रॅक्टरच्या मागे जी ट्रॉली धावते तिला स्वतःचा ब्रेक असतो का? हा प्रश्न मी आजवर मास्तरांना विचारला, डॉक्टरांना विचारला, आमच्या जावयाला तर भरल्या ताटावर विचारला. सगळे एकच उत्तर देतात, “असेल ना!” चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात मी तीस वर्षं ट्रॉल्या बनवल्या आणि त्यातली वीस-बावीस वर्षं माझ्या एकाही ट्रॉलीला ब्रेक नव्हता. हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळला, पण लिहून टाकलं. आता पुढचं सांगायला मोकळा झालो.

आमचा धंदा असा. घुग्घुसकडे कोळसा वाहून वाहून ट्रक म्हातारे होतात. इंजिन जातं, केबिन सडते, पण मागचा भाग मोठा चिवट असतो. चेसिसचे दोन लांब गर्डर, कमानीचे पाटे आणि मागची जोडचाकं अजून पुष्कळ वर्षं काम देतील अशी असतात. आम्ही पुढचं धड कापून टाकायचं, उरलेल्याला लोखंडी त्रिकोणी नाक जोडायचं, नाकाच्या टोकाला एक जाड कडी. ती कडी ट्रॅक्टरच्या हुकात बसते आणि तिच्यातून अंगठ्याहून जाड पिन आरपार जाते. काल कोळसा वाहणारा ट्रक उद्या धान वाहतो. मला हे काम करताना आजही गुदगुल्या होतात. भंगारात निघालेलं लोखंड परत कामाला लागलेलं पाहणं, यासारखी मजा नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरचं शेपूट. कायद्याला तसं वाटत नाही. ट्रॉली हे वेगळं वाहन आहे. जुन्या ट्रकची नोंदणी रद्द झाल्याचा कागद लागतो, मंजूर नकाशा लागतो, तपासणी होते, मग तिला स्वतःचा नंबर मिळतो आणि तो मागे ठळक लिहावा लागतो. मागचे दिवे हवेत, लाल चकाकत्या पट्ट्या हव्यात, पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी हवी. आणि तिच्यात माणसं बसवायची नाहीत. हे शेवटचं कलम आमच्याकडे फक्त ट्रॉलीलाच पटतं, पण ती बोलू शकत नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक नग. एकानं सांगितलं, ट्रकची केबिन तोडू नका, ट्रॉलीवर तशीच बसवा. कशाला? तर म्हणे, “माह्या सासऱ्याले बसाले. थो मडगार्डवर बसाले लाजते जी.” मी नाही म्हटलं. तो रुसला आणि शेवटी नुसती सीट घेऊन गेला. ती सीट आता त्याच्या ओसरीवर आहे आणि सासरेबुवा तिच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर हुकूम सोडतात असं ऐकतो. दुसरा एक सिरोंच्याहून आला. त्याला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू. त्यानं शेडच्या जमिनीवर खडूनं ट्रॉली काढली, मी तिला चाकं काढली, त्यानं ती पुसून मोठी काढली. तासाभरात सौदा ठरला. इतकं नीट मला मराठी गिऱ्हाइकानंही कधी समजावलं नाही.

आता ब्रेकचं. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन गेलं की हवा गेली, आणि ट्रॅक्टरला असा कॉम्प्रेसर नसतो. म्हणून आम्ही मिस्तरी लोक ब्रेकचं सगळं सामान उपसून भंगारात टाकायचो. ट्रॅक्टरला ब्रेक आहे ना, झालं तर! असं म्हणून मी अर्धं आयुष्य काढलं. मग एकदा तपासणीला नव्या निरीक्षक मॅडम आल्या. ट्रॉलीच्या खाली वाकून त्यांनी बघितलं आणि मला विचारलं, “ब्रेक कुठे आहे?”

“ट्रॅक्टरले हाय ना मॅडम.”

“तुमचं वजन किती?”

“साठ किलो.”

“दीडशे किलोच्या माणसाला पाठीवर घ्या, उतारावरून पळा आणि मी थांबा म्हटलं की थांबून दाखवा.”

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत. ट्रॉली पास झाली नाही. घरी येऊन मी हे माझ्या बायकोला, सुमनला, रागारागानं सांगितलं, तर ती म्हणाली, “खरंच तं मनली थे बाई. तुमी माह्या वजनानंच पडान.” पुढचे चार महिने मी झोपेतही ब्रेकच बनवत होतो.

शेवटी जमलं. युक्ती सोपी आहे. ट्रॉलीचं नाक एकसंध ठेवायचं नाही, नळीत नळी सरकेल असं करायचं. ट्रॅक्टर हळू झाला की मागची ट्रॉली आपल्या वजनानं पुढे ढकलते. ढकलली की नाकाची नळी आत सरकते, आणि सरकली की एक दांडा ओढला जाऊन ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. म्हणजे जितकी ट्रॉली अंगावर येईल तितकी ती स्वतःलाच धरून ठेवते. नकाशा मंजूर करून घेतला, मॅडमनी तपासून पास केला. लोकांनी त्याचं नाव ‘ढकल-ब्रेक’ ठेवलं. त्या दिवशी मी मूलच्या बाजारातून असा चाललो होतो, की ओळखीच्या भाजीवालीनं विचारलं, काय झालं, नातू झाला का?

फक्त एक अडचण होती. ट्रॅक्टर मागे घेताना पण नळी आत सरकते आणि ब्रेक लागून ट्रॉली जागची हलत नाही. त्यासाठी मी नळीत आडवी एक खुंटी दिली. मागे घेताना खुंटी आत घालायची, म्हणजे नळी सरकत नाही. पुढे निघताना ती काढायची. विसरलात तर ब्रेक असून नसल्यासारखा. विसरू नये, लांबून दिसावी, म्हणून मी ती खुंटी लालभडक रंगवली. माझ्या डोक्यातून निघालेल्या अकलेपैकी ही सगळ्यात मोठी, असं मला तेव्हा वाटत होतं.

ढकल-ब्रेकच्या पहिल्या दोन-तीन ट्रॉल्यांमधली एक देवाजीची. देवाजी धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा शेतकरी, चाळिशीचा, हसरा, आवाज ट्रॅक्टरहून मोठा. त्याच्या गावाच्या अलीकडे मोठा उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी नाल्यावर बिनकठड्याचा अरुंद पूल. “ब्रेकवालीच पायजे मिस्तरी,” तो म्हणाला होता, “थ्या उतारावर जीव मुठीत धरून याव लागते.” नंबर मिळाला, दिवे लागले, आणि एका सकाळी देवाजी ट्रॉली न्यायला आला. आमच्या शेडसमोर गल्ली चिंचोळी. मी खुंटी आत घातली, ट्रॉली मागे घेऊन रस्त्यावर काढली, देवाजीला तिसऱ्यांदा सगळं समजावलं, आणि तेवढ्यात सुमन पूजेचं ताट घेऊन आली. मग नारळ, मग पेढे, मग फोटो. फटाके फोडत, गाणी लावून देवाजी निघाला.

दुपारी चहा पिताना सुमन म्हणाली, “आज पूजा किती छान झाली नाई? थे लाल खुंटी होती ना, तिलेच हळद-कुंकू लावलं. झेंडूचा मोठा हार बी तिलेच घातला. अख्खी झाकून गेली.”

खुंटी आत होती. मी काढली नव्हती. ट्रॉली ब्रेकशिवाय गेली होती, वरून हार घालून.

देवाजीला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोनं. फोन घरीच चार्जिंगला होता. तिनं सांगितलं, “थे सीधे घरी नाई येत जी. आधी तिघी बहिनींकडं जातीन. आमच्यात नव्या गाडीची ओटी भरतेत.” त्यांच्या घरची ही रीत मला नवीन होती. नवीन गाडी घरी यायच्या आधी लेकीबाळींच्या दारी न्यायची, आणि पहिल्यांदा माहेरी निघालेल्या मुलीची भरावी तशी तिची ओटी बहिणींनी भरायची. रिकामी गाडी घरी आणायची नाही.

पहिली बहीण सावलीला. तिच्याकडे फोन केला, तर तिचा नवरा म्हणाला, केव्हाच गेले. पुढच्या बहिणींचे नंबर विचारणार होतो, पण निरोप तरी काय द्यायचा? ‘थांबवून ठेवा’ म्हटलं, तर जावई स्वतःच दुरुस्तीला लागणार. ‘पुढची पिन काढा’? पुढे दोन होत्या. एक माझी लाल खुंटी, आणि दुसरी ती जाड पिन, जिच्यावर सगळी ट्रॉली ट्रॅक्टरला धरून असते. खुंटी तर हाराखाली. कोणी उत्साही जावयानं दुसरीच उपसली तर? मी फोन खाली ठेवला आणि पायात चपला घातल्या.

“स्कूटी माही हाय, मीच चालवीन,” सुमन म्हणाली. मी मागे बसलो. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण सुमन इतक्या वेगात गाडी चालवते हे मला त्या दिवशी कळलं. वाटेत एका एसटीला तिनं मागे टाकलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

सावलीला बहिणीनं पाटावर बसवून पाणी दिलं. तिनं ओटीत मूठभर तांदूळ आणि नारळ घातला होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला. “आन माह्या मालकानं थ्या विटा टाकल्या,” ती म्हणाली, “घर बांधून उरल्या होत्या. एवढी मोठी ओटी हाय, मूठभर तांदूळ शोभून दिसते का?” अर्धी ट्रॉली विटा. आम्ही परत स्कूटीवर. वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीला पोचलो, दुसऱ्या बहिणीकडे. तिथे ओटीत फरश्या पडल्या होत्या. “आमच्या अंगनातल्या काढल्या,” दुसरा मेहुणा अभिमानानं म्हणाला, “सावलीवाल्यानं विटा देल्ल्या, मंग आमी काय मागं राहाव?”

मी मनातल्या मनात टन मोजत होतो आणि सुमन मागे वळून विचारत होती, “आता किती झालं?” पहिल्यांदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, नंतर म्हटलं, तू समोर बघ. भीती होतीच, पण त्यात भलतंच हसूही यायला लागलं होतं. बिनब्रेकची ट्रॉली प्रत्येक थांब्यावर जड होत चालली होती, आणि ती सगळी जड होत होती मायेनं.

तिसरी बहीण धानोरा रस्त्यावरच्या खेड्यात. तिथे दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, “तिच्यापाशी द्याले काही नव्हतं. मनली, मीच बसतो ओटीत. सगळं घर गेलं. देवाजीची माय बी इथीच होती, थे बी गेली. दोन बकऱ्या बी गेल्या.”

त्या क्षणी मात्र हसू पळालं. विटा, फरश्या, आणि आता वर माणसं. पुढे तो उतार.

जंगलाच्या रस्त्याला लागलो. ऊन कलायला लागलं होतं. एका वळणावर पुढे ट्रॉली दिसली. मागच्या फळीवर मी स्वतःच्या हातानं पिवळ्या रंगात लिहिलं होतं, ‘माणसे बसवू नयेत’. त्या अक्षरांवर तीन बायकांचे पदर लोंबत होते. सुमननं स्कूटी बाजूला नेली. मी ओरडलो, “थांबा! थांबा!” ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लागली होती की देवाजीला काही ऐकू गेलं नाही. ट्रॉलीतल्या बायकांनी आम्हाला पाहिलं आणि हात हलवले. एकीनं तर आमच्या दिशेनं कुरमुरे फेकले. पुढे जाऊन आडवं होण्याची सोय नव्हती. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीपुढे उभं राहणारा मिस्तरी एकदाच उभा राहतो.

पुढे रस्ता खाली वळताना दिसत होता. मी घसा फोडून ओरडत होतो. सुमन म्हणाली, “तुमी चूप बसा.” तिनं स्कूटी ट्रॅक्टरच्या अगदी बरोबरीला नेली आणि देवाजीकडे बघून हात वर करून ओरडली, “देवाजीभाऊ! मिस्तरीच्या घरची ओटी राह्यली!”

ट्रॅक्टर सपाटीवर थांबला. उतार तिथून हाकेच्या अंतरावर सुरू होत होता. जीव जाईल म्हणून ओरडलो तर कोणी थांबलं नाही, ओटी राहिली म्हटल्यावर थांबले. आमच्या भागातल्या माणसांना मी उगीच नाही जीव लावत.

मी धावत नाकापाशी गेलो. हार तसाच होता. देवाजी खाली उतरला. “खुंटी दिसली नाई काय बावा तुले?” मी विचारलं.

“दिसली ना जी. पन तिले हार होता, कुंकू होतं. मनलं, मिस्तरीनं पूजा करून देल्ली, आता तिले हात लावाव तरी कसा?”

मी हार काढायला हात घातला, तर वरून आवाज आला, “राहू दे थो हार!” देवाजीची माय, येसूबाई. सत्तरीच्या पुढची, काटक, ट्रॉलीच्या काठावर बकरीच्या शेजारी बसलेली. “ओटी भरली गाडीची, आज घरी जाईस्तोर काही काढाचं नाई.”

मग मला सगळ्यांसमोर बोलावं लागलं. हात जोडले. म्हटलं, “बाई, चूक माही हाय. थे खुंटी मी काढाची विसरलो. थे आत असली तं ब्रेक लागत नाई. तुमी बिनब्रेकच्या ट्रॉलीत आले.” ट्रॉलीतल्या सगळ्यांनी एकदम काठ घट्ट धरला. सुमन माझ्या शेजारी येऊन म्हणाली, “हार म्या घातला. अर्धी चूक माही.” त्या अर्ध्या चुकीसाठी मी तिचा जन्मभराचा ऋणी आहे.

येसूबाईनं खाली उतरून हार स्वतःच्या हातानं काढला, देवाजीच्या गळ्यात घातला आणि मला म्हणाली, “काढ तुही खुंटी.” मी काढली. सगळी माणसं उतरवली, बकऱ्याही उतरवल्या. देवाजी सीटवर चढायला लागला तर म्हातारीनं त्याचा हात धरला. “तू नाई. ज्यानं बांधली थोच उतरवन.”

माझ्याकडे ट्रॅक्टरचा परवाना आहे. तपासणीसाठी यार्डात चालवायचो. पण भरलेली ट्रॉली उतारावरून मी उभ्या आयुष्यात एकदाही नेली नव्हती. वीस-बावीस वर्षं लोकांना ‘काही होत नाई’ म्हणत होतो, ते दुसऱ्यांच्या जिवावर. आता जीव माझा होता.

चढलो. लहान गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॅक्टरचं नाक खाली झुकलं आणि पाठीमागून विटा आणि फरश्या अंगावर रेलल्या. ट्रॅक्टरचा ब्रेक हलकेच दाबला. मागे ‘खट्’ आवाज झाला. नळी सरकली. आणि ट्रॉलीची जाड चाकं कण्हत कण्हत स्वतःला धरायला लागली. मागून ढकलणं थांबलं! मी एकटाच मोठ्यानं हसायला लागलो. त्या उतारावर मी काय काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मॅडमचं नाव घेतलं, सुमनचं घेतलं, ज्याचा सांगाडा माझ्या मागे होता त्या ट्रकला शाबासकी दिली. पुलाच्या अलीकडे थांबलो तेव्हा ट्रॉली आवाज न करता उभी राहिली. वर उताराच्या माथ्यावर बायका टाळ्या वाजवत होत्या. मी खाली न उतरता तसाच बसून राहिलो.

सगळे चालत खाली आले. देवाजीनं मला खांद्यावर उचललं. सुमन स्कूटीवरून उतरून डोळे पुसत होती आणि मला शिव्या देत होती. सगळ्यात शेवटी येसूबाई आली. ट्रॉलीच्या चाकापाशी वाकून तिनं हात लावला. चाक गरम होतं.

“चांगला हाय हा ब्रेक,” ती म्हणाली. “मंग आमच्या जुन्या ट्रॉलीले काऊन नाई लावला रे?”

मला आठवलं. देवाजीचा धाकटा भाऊ जी चालवतो, ती जुनी ट्रॉली. तीही माझ्याच शेडमधली. ती रोज याच उतारावरून येते, भरून.

“बाई, तवा मले समजत नव्हतं.”

“आता समजते ना?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात ती जुनी ट्रॉली रिकामी, हळूहळू मूलला आली. येसूबाई एसटीनं आली. दोन दिवस ती शेडमध्ये ऑइलच्या डब्यावर बसून माझं वेल्डिंग पाहत राहिली. पैशाचं तिनं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ट्रॉलीखालून बाहेर आलो, हात पुसले आणि म्हटलं, झालं बाई.

तिनं मान हलवली. मग सुमनकडे वळून अगदी घरगुती आवाजात विचारलं, “अशा बिनब्रेकच्या अजून कोनाकोनाले देल्ल्या तुह्या नवऱ्यानं?”

सुमन बोटं मोजायला लागली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली. मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि माझी बोटं मोजायला लागली.